पायरीवरची पांढरी रेघ

२० डिसेंबर १९३६, रविवार

"पुरे गोदू. मला दिसत नाही आता."

एवढंच म्हणाला अच्यू. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. हात तिथंच थांबला.

सूर्य नुकता बुडाला होता. समुद्राकडचं आभाळ अजून तांबूस होतं. सुपातला खडा मला दिसत होता – चष्मा लागलेल्या, चाळिशी उलटलेल्या बाईला! आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला पुढ्यातलं दिसू नये?

अच्यू कालच्या बोटीनं मुंबईहून आला. नाताळची सुटी. आल्या आल्या आधी बॅट भिंतीला टेकवून ठेवली, मग पाया पडला. कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये त्याचं हे पहिलंच वर्ष, आणि सीझनची सुरुवात फार वाईट झाली म्हणतो. "सगळ्या मॅची हरलो, आई. परवा तर अकरा जणांचे मिळून एक्केचाळीस रन."

"आणि तुझे?"

"माझं विचारू नकोस." मग आपणच म्हणाला, "सकाळी दव असतं, गारठा असतो. हात बधिर होतात. चेंडू कधी आला तेच कळत नाही."

दुपारी हे वाक्य माझ्या कानांवरून गेलं. संध्याकाळी परत आलं.

दोघा भावंडांचा सुटीतला जुना खेळ आहे. नारळाच्या झावळीचा जाड देठ तासून अच्यूनं लहानपणी एक बॅट केली होती, ती अजून माळ्यावर असते. गोदू सुपाऱ्या टाकते, तो टोलवतो. सुपारी मारता आली की चेंडू कलिंगडाएवढा दिसतो म्हणतो. आज चार-पाच सुपाऱ्या विहिरीपलीकडे घालवल्या. मग गोदूच्या हातातली एक खाली पडली, ती वाकून शोधायला लागली, आणि तेवढ्यात हा म्हणाला – पुरे, मला दिसत नाही.

मग तिचा हात धरून ओट्याकडे आला. पायरीशी थांबला. "पायरी आली," म्हणाला. अगदी हळू, स्वतःशीच.

माझा भाऊ नामा असंच म्हणायचा.

२१ डिसेंबर

डोळ्याला डोळा लागला नाही. अच्यूच्या खोलीत कंदील मोठा करून ठेवला होता. सकाळी विचारतो, "आई, हा कशाला?" थंडी आहे म्हणून, म्हटलं. कंदिलानं थंडी जाते का! हसला. मला हसू आलं नाही.

२३ डिसेंबर, बुधवार

लिहू नये असं वाटतं. लिहिलं की खरं होईल. पण कुणाशी बोलू? सुटीला कोर्ट बंद झालं की हे अलिबागहून येतील, पण यांच्याशी माहेरचं हे दुखणं बोलायची माझी छाती नाही. नामाचं यांना ठाऊक आहे. पण 'नामाचं' असणं वेगळं आणि 'आपल्या अच्यूचं' असणं वेगळं.

नामा पंधरा वर्षांचा असताना दिवेआगरला आमच्या घरी दिवेलागणीला भांडी सांडायला लागली. पाण्याची कळशी, दुधाची वाटी, एकदा तर देवापुढची समई. वडील म्हणायचे, धांदरट आहे. मारायचेही. नामा रडायचा नाही. दिवसा तो नारळाच्या शेंड्यावरचा पक्षी ओळखून दाखवायचा, मग संध्याकाळी असा का वागतो ते कुणाला कळेना. शेवटी वैद्यांनी सांगितलं, रातांधळं. मग गाजरं झाली, काजळं झाली, नवस झाले. दिवसाचं दिसणंही हळूहळू आखडत गेलं. शेवटी शेवटी म्हणायचा, "ताई, नळीतून बघितल्यासारखं दिसतं गं. समोरचं तेवढं. बाजूला सगळं संपलेलं." तिशीत तेही गेलं. आता ओटीवर बसून काथ्याची दोरी वळतो. पावलांवरून माणूस ओळखतो. मी गेले की बोटांनी माझा चेहरा बघतो आणि म्हणतो, "बारीक झालीस."

आईच्या मामांनाही तेच होतं. आई म्हणायची, "आपल्याकडे हे पुरुषांच्याच वाट्याला. बायकांना देवानं सोडलंय." अच्यूच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी मुलगी व्हावी म्हणून प्रार्थना करायची. सगळ्या बायका मुलगा मागायच्या आणि मी मुलगी! झाला मुलगा. बाळाच्या डोळ्यांपुढून निरांजन फिरवून बघायची मी. नजर ज्योतीमागे फिरली की मला रडू यायचं. पंधरावं सरलं, सोळावं सरलं, तेव्हा कुठं मी निरांजन ठेवून दिलं.

तीन-चार वर्षं उगाच निर्धास्त राहिले.

मासिकाला गोष्ट पाठवायची होती. कागद पुढ्यात घेतला, एक ओळ सुचत नाही.

२६ डिसेंबर, शनिवार

अच्यूची टीम आली. रेवसच्या धक्क्यावरून दोन बैलगाड्या भरून. ओहोटीच्या कडक वाळूवर काथ्याची चटई अंथरून सराव करायचा, ही कल्पना कॅप्टनची. कॅप्टन म्हणजे नझीर, मुरुडचा. उंच, किडकिडीत, वाकून नमस्कार करणारा. "आई, आम्ही मुंबईत बसून थंडीला शिव्या देतो. मी म्हटलं, चला समुद्रावर, तिथं खरी थंडी दाखवतो."

सबनीस म्हणून एक गोरा, गुबगुबीत मुलगा आहे. अंगावर दोन स्वेटर, वर घोंगडी. दारातूनच म्हणाला, "काकू, आधी चहा, मग ओळख."

कामाला येणारी ठमाबाई वाडीतली सुपारी सोलत होती. ती म्हणते, "वैनी, हीच काय ती खेलनारी पोरां? ही तर आत्ताच आखडल्यात."

"मावशी, उद्या बघा आमचा टोला," सबनीस म्हणाला.

"बगीन की. आमची पोरां पान्यात उभी ऱ्हाऊन जाळी वढतात. त्यांना न्हाय लागत थंडी. तुमालाच बरी लागते."

सगळे हसले. अच्यूही हसला. पण संध्याकाळ व्हायला लागली तसा उठला, आणि मी सांगायच्या आधीच घरातले सगळे कंदील लावले. ओटीवर एक, बोळात एक, विहिरीच्या वाटेवर एक. सबनीस म्हणाला, "दिवाळी परत आली का रे?" यानं बोळातल्या कंदिलाची वात आणखी वर केली.

२८ डिसेंबर, सोमवार. दत्तजयंती

पहाटे मतलई वारा सुटला होता. डोंगराकडून येतो, अंगात घुसतो. हे चौलच्या दत्ताच्या यात्रेला गेले. मी आणि गोदू मुलांमागून किनाऱ्यावर गेलो, उंडणीच्या झाडाखाली उभ्या राहिलो. वाळू पाटासारखी घट्ट. चटईचे कोपरे नामानं वळलेल्या दोरीनं खुंट्यांना बांधलेले. मीच दिली होती ती दोरी. दिली तेव्हा काही वाटलं नाही.

एकेक जण बॅट घेऊन उभा राहिला. चेंडू चटईवर पडून उसळायचा आणि बॅट हवेत फिरायची. लागलाच तर मुलगा बॅट टाकून हात झाडायचा. मधमाशी चावल्यासारख्या झिणझिण्या येतात म्हणे. सबनीस पहिल्याच चेंडूवर बाद. "काकू, बॅट आणि माझे हात यांचं बोलणं बंद आहे."

मग अच्यू. पहिला चेंडू हुकला. दुसराही. तिसरा खांद्यावर आदळला, तो आवाज मला झाडाखाली ऐकू आला. गोदूनं माझा दंड घट्ट धरला. मी पुढं धावणार होते, पण आईनं धावून जायचं नसतं एवढं मला कळतं. नझीर जवळ गेला. "लागलं का रे? बघत कुठं होतास?"

"बघत होतो. हात उशिरा आला."

खोटं. मला माहीत आहे खोटं. सगळ्यांचेच हात उशिरा येतात या थंडीत, म्हणून याचं लपून जातं. अकरा जण हुकतात, त्यात बारावं कारण कोण शोधणार? मीच एकटी शोधते आहे.

एक चेंडू घरंगळत आमच्याकडे आला, गोदूच्या पायाशी थांबला. मुलं ओरडली, टाक, टाक! ती इकडे तिकडे बघत राहिली. पायाशी चेंडू आणि ही लांब बघते आहे! "लक्ष कुठं आहे तुझं?" मी म्हटलं आणि चेंडू उचलून दिला. एवढी मुलं बघून बावरली असेल. लाल झाली होती.

२९ डिसेंबर, मंगळवार

हे यात्रेहून खुशीत आले. चौलची मंडळी तिथं भेटली, गोदूला बघायला येतो म्हणाली. मार्गशीर्ष संपायच्या आत, पौष लागण्याआधी. दहा तारीख, रविवार ठरला. मुलगा शाळेत मास्तर आहे, घरची वाडी आहे.

गोदू दाराआडून म्हणाली, "दुपारी बोलवा, अण्णा." संध्याकाळी नको, दुपारीच. हे हसले, "बरं, दुपारी तर दुपारी." पोरीला हिरवं लुगडं नेसायचं असेल, दिव्यात त्याचा रंग खुलत नाही.

अच्यू मात्र भडकला. "एवढी घाई कसली आहे?"

"सतरा संपली तिला," हे म्हणाले.

"अण्णा, आधी मला तुमच्याशी –" गोदू दारात येऊन उभी राहिली होती. मग, "काही नाही," म्हणाला आणि उठून गेला.

काय सांगणार होता तो, मला ठाऊक आहे. बहिणीचं ठरायच्या आधी माझं सांगा, माझे डोळे जात आहेत हे लपवू नका – हेच ना? लेकरा, तू एवढा मोठा कधी झालास?

३० डिसेंबर, बुधवार

आज दुपारी अच्यूनं बादलीत चुना कालवला. ओट्याच्या पायऱ्यांच्या कडा रंगवल्या, मग विहिरीचा काठ, मग बोळातला उंबरा. जाड पांढरी रेघ, सरळ. मी विचारलं तर म्हणाला, "परवा सबनीस अडखळला ना. पाहुणे आहेत, पडायला नकोत."

पाहुण्यांसाठी कुणी उंबरा रंगवतं का?

मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला. डोळ्यांतल्या पाण्याला कारण हवं म्हणून.

मग मी एक वाईट गोष्ट केली. दिवेलागणीला बोळात कंदील लावला नाही आणि वाटेत आडवा पाट टाकून ठेवला. कोपऱ्यात उभी राहिले. आपल्याच मुलाला सापळा! तो आला. पाटाशी थांबला, वाकला, पाट उचलून भिंतीला उभा केला. अंधारात मला ओळखलंही त्यानं. "आई, असं वाटेत काही ठेवू नकोस गं." आवाज किती कठोर होता.

दिसला असेल का त्याला? की पायाला लागला आधी? मी म्हटलं दिसला. मग म्हटलं, नामा पण पायानं चाचपत असे, बघणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. आणि मला ओळखलं? नामाही ओळखतो.

भीतीला पुराव्याचं काय! कुठलंही काही दिलं तरी ती आपल्याच टोपलीत टाकते.

गोदूनं आज एक बरं केलं. जाडं मीठ तव्यावर तापवून फडक्याच्या पुरचुंड्या बांधल्या आणि मुलांना खिशात ठेवायला दिल्या. लहानपणी कान दुखला की मी शेकायची, त्यावरून सुचलं तिला. बॅटिंगला जायच्या आधी हात खिशात. नझीर म्हणाला, "गोदूताई, हे आधी सुचलं असतं तर आम्ही मुंबईत नाक कापून घेतलं नसतं." सबनीसनं तर पुरचुंडी गालाला लावून ठेवली.

३१ डिसेंबर, गुरुवार

पोपटी केली मुलांसाठी. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात दडपून मडकं शेतात उपडं घातलं, वर पेंढा आणि झावळ्या पेटवल्या. उन्हं उतरताना जाळ केला, शेंगा निघाल्या तेव्हा अंधारत आलं होतं. चंद्र उगवायचा होता. मुलं बोटं भाजून घेत खात होती. नझीर मुरुडच्या कसल्या कसल्या भुतांच्या गोष्टी सांगत होता आणि सबनीस माझ्याजवळ सरकत होता.

परतताना बांधावरून एकामागून एक निघालो. मी सगळ्यांच्या मागे. माझ्या पुढे अच्यू आणि गोदू. कंदील गोदूच्या हातात. नेहमी तीच मागून घेते, मी धरते म्हणते. दुसरा हात अच्यूच्या हातात. इतका घट्ट धरलेला, की कंदिलाच्या उजेडात बोटांची पेरं पांढरी दिसत होती. बांध तुटलेला होता तिथं दोघं थांबली.

"हात सोडू नकोस," अच्यू म्हणाला.

मोठा, दाढी फुटलेला मुलगा. धाकट्या बहिणीला म्हणतो, हात सोडू नकोस. मला तिथंच बांधावर बसावंसं वाटलं.

म्हणजे गोदूला माहीत आहे. दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलंय. माझ्या भीतीला भिऊन.

१ जानेवारी १९३७, शुक्रवार

विचारलं. राहवेना. न्याहारीनंतर मुलं किनाऱ्यावर गेली, याला थांबवून घेतलं. गोदू अंगणात सुपारी उन्हात पसरत होती.

"अच्यू, खरं सांग. संध्याकाळचं दिसत नाही ना तुला?"

"मला?"

"मी ऐकलंय. त्या दिवशी तूच म्हणालास गोदूला. आणि हा चुना, हे कंदील, काल बांधावर धरलेला हात. मी आई आहे रे."

त्याचा चेहरा एकदम उतरला. अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला नामामामा आठवतो."

"रोज."

"चल मग. दाखवू डोळे." इतक्या सहज म्हणाला की मीच गोंधळले. मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर सुटीत अलिबागला सासऱ्यांकडे येतात आणि ओळखीच्यांचे डोळे बघतात, त्यांच्याकडे जायचं ठरलं. यांना सांगायचं, अच्यूला पॅड घ्यायचे आहेत.

मग म्हणाला, "गोदूलाही नेऊ बरोबर. दोघांचे दाखवू."

"तिचे कशाला?"

"दाखवायला काय जातं?"

"काय जातं? आठवड्यावर चौलची माणसं यायची. मुलगी डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात दिसली तर चार तोंडी बोललं जाईल. आणि आमच्यात बायकांना नसतं ते."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आईनं."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात गोदूनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तो बॅट उचलून किनाऱ्याकडे निघाला.

२ जानेवारी, शनिवार

स्वच्छ! डोळे स्वच्छ आहेत त्याचे!

डॉक्टरांनी खोली अंधारी केली, डोळ्यात थेंब घातले, आरशानं आत उजेड टाकून बघितलं. मी पदराची गाठ सोडत आणि बांधत बसले होते. मग खिडकी उघडली आणि म्हणाले, "बाई, हा मुलगा अंधारात मांजरासारखा बघेल. डोळ्याचा आतला पडदा उत्तम आहे."

मी भावाचं, आईच्या मामांचं सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. "आणखी मुलं?"

"एक मुलगी."

"तिला काही?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "तिला काही नाही."

"कधीतरी आणा तिलाही." हो म्हटलं. अच्यू खिडकीबाहेर बघत होता.

टांग्यात विचारलं, "मग दिसत नाही असं का म्हणालास रे?" म्हणाला, "गारठा होता. कंटाळा आला होता खेळायचा." बस्स! एका कंटाळ्यापायी मी इतके दिवस जिवंतपणी मेले. त्याला चापट मारली, हसले, पेढे घेतले. तो हसला नाही. पेढाही खाल्ला नाही. मेला एवढा अपमान काय वाटायचा त्यात!

३ जानेवारी

गाढ झोपले. ठमाबाई म्हणाली, "वैनी, आज कशा ताज्या दिसता. न्हायतर तुमाला पाहून मलाच भ्या वाटत व्हतं."

४ जानेवारी, सोमवार

अलिबागला स्थानिक टीमशी मॅच. सकाळी थंडी एवढी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. गोदूनं पहाटेच पुरचुंड्या तापवल्या. मी हट्टानं गेले बघायला, यांच्याबरोबर, गाडीत बसून. गोदूला घरी ठेवलं, उन्हात रापायला नको आता.

आमचे पहिले तीन भराभर बाद झाले. मग अच्यू. हात खिशातून काढले, तळवे एकमेकांवर घासले, बॅट धरली. पहिला चेंडू नुसता थोपवला. दुसरा थोपवला. मला वाटलं, किती शांत उभा आहे. मग एक आखूड पडला आणि त्यानं तो असा टोलवला की समुद्राच्या बाजूच्या माणसांनी माना वळवल्या. त्यानंतर मोजायचं मी सोडून दिलं. हे मात्र मोजत होते, चौसष्ट म्हणाले.

जिंकलो. सबनीसनंही एक चौकार मारला आणि तो सगळ्यांना तीन-तीनदा सांगितला. नझीर माझ्याकडे आला. "आई, सीझन आता सुरू झाला. मीठ घेऊनच मुंबईला जाणार आम्ही. गोदूताईंना म्हणावं, टीम त्यांच्या मिठाला जागेल."

आज मी देवापुढे तुपाचा दिवा लावला.

५ जानेवारी, मंगळवार

गेली सगळी. घर सुनं झालं. अच्यू गाडीत बसायच्या आधी गोदूशी फाटकाजवळ कितीतरी वेळ बोलत होता. ती मान हलवत होती, नाही, नाही. तो डोळे पुसत होता. बहीण आता परक्याच्या घरी जाणार, पुढच्या सुटीत ही सुपारी टाकायला असेल की नसेल. मलाही गलबलून आलं.

माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, कंदील लवकर लावत जा."

"आता कशाला? तुझे डोळे तर लख्ख आहेत की."

"तरी लाव," म्हणाला.

७ जानेवारी

हिरव्या लुगड्याला काठ शिवला. लाडू वळले. मासिकाची गोष्ट सुचली, दोन पानं झाली. किती दिवसांनी हात हलका आहे.

९ जानेवारी, शनिवार

आज लाडूंच्या गडबडीत दिवे राहून गेले. बोळात आले तर समोरून गोदू येत होती. एक हात भिंतीवर. उंबऱ्याशी थांबली, पाय पुढे करून चुन्याची पांढरी रेघ अंगठ्यानं शोधली, मग ओलांडली. मी तिच्या पुढ्यात उभी. हात लांब केला असता तर तिच्या गालाला लागला असता.

ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या मागच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आई, कुठं आहेस गं? दिवा नाही लावलास?"

मी श्वास धरला. पाय न वाजवता मागे मागे गेले. स्वयंपाकघरातून "ओ" दिली.

उद्या दुपारी चौलची मंडळी येतात.